हवेला लागणारी जागा

"तुला नक्की येतं ना?" ताईने पुन्हा विचारलं. "सासूबाईंनी पहिल्यांदाच स्वयंपाकघर माझ्यावर सोडलंय. नाक कापू नकोस."

"अगं, मार्शमेलो म्हणजे काय? साखरेचा पाक, जिलेटिन आणि भरपूर हवा. बस्स!" धाकट्या भावाने नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेतली होती आणि ती अजून जिभेवरून उतरली नव्हती.

त्याने साखर तोलली, पाकाचं तापमान मोजलं, भिजवलेलं जिलेटिन घातलं आणि सासूबाईंच्या लाडक्या भांड्यात बीटर फिरवायला सुरुवात केली. भांडं अर्ध्याच्या वर भरलं होतं. हवेचं वजन नगण्य म्हणून त्याने हिशेबात धरलं नव्हतं. पण हवेला जागा लागते, तीही धरली नव्हती. पांढरा फेस दुप्पट झाला, तिप्पट झाला आणि काठ ओलांडून टेबलावर पसरला.

"अरे, बंद कर!"

फेस जमिनीवर उतरू नये म्हणून त्याने टेबलाच्या कडेला दोन्ही तळहात आडवे धरले. ताई फडकं शोधेस्तोवर फेस निवला आणि टेबलाला घट्ट चिकटला, हातांसकट. तेवढ्यात सासूबाई दारात.

"पिशवी घे रे जरा."

"काकू, मला... नाही घेता येणार."

"का? हात नाहीत?"

"आहेत. इथे."

सासूबाईंनी टेबल पाहिलं, मग भांडं. "इतकं चिकटतं?"

"चिकटू नये म्हणून कॉर्नफ्लॉर भुरभुरतात."

"मग?"

"आणलंय. बॅगेत आहे." त्याचा आवाज बारीक झाला. "पण जिलेटिन अंगाच्या उबेनेही वितळतं, काकू. म्हणून तर ते तोंडात विरघळतं."

"मग वितळव की."

ताईने मान खाली घातली. ते पाहून तो कानांपासून बोटांपर्यंत शरमेने तापला. तळहात घामेजले, घसरले आणि सुटले.

"चुकलं, काकू! ताईचा यात काही दोष नाही." त्याने फेसाने माखलेले हात मनापासून जोडले.

सासूबाईंनी काठावरचा फेस बोटावर घेऊन चाखला. "चव बरी आहे. असू दे. सोड हात."

तो हात जोडून उभाच.

"बघ गं," त्या ताईला म्हणाल्या, "माफी मागावी तर अशी. तुझ्या नवऱ्याला जमलंय कधी?"

शेवटी ताईला फडकं सापडलं. ती नळाकडे वळली, तसा तो मान खाली घालून पुटपुटला, "कोमट पाण्यात भिजव."