सूट बाहीतून निघाली

"टॅक्स मॅनेजर म्हणजे काय, ठाऊक आहे?" नव्या मॅनेजरनं सकाळी आरशालाच विचारलं. "कंपनीनं एक पैसा जास्त भरायचा नाही आणि एक पैसा लपवायचाही नाही. मध्ये उभा कोण? मी!"

बढती मिळाल्यापासून गड्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्या दिवशी कर कार्यालयात सुनावणी होती. कामगारांच्या मुलांसाठी कंपनीनं पाळणाघर बांधलं होतं, त्या खर्चावर करात सूट मागायची होती. मालकांनी बजावलंच होतं, "सूट नाही मिळाली तर पाळणाघराला कुलूप, आणि तुमची खुर्चीही गेली!"

आणि एवढा मोठा मॅनेजर कार्यालयात पोहोचला तो हात हलवत! कागदांची पिशवी घरीच!

त्यानं घाईघाईनं फोन लावला. "बाबा, सूटचं सगळं निळ्या पिशवीत राहिलंय! असाल तसे निघा! आणि जपून हं, चुरगळता कामा नये!"

आता बाबा पडले जन्माचे शिंपी. लेकाच्या बढतीसाठी त्यांनी गुपचूप एक सूट शिवून कपाटात लपवला होता. "अरेच्चा, याला कळलं वाटतं!" म्हातारा खूश! निळी पिशवी उघडून बघतात तर नुसते कागद. "वा! बाह्यांत भरायला कागदसुद्धा काढून ठेवलेत. शेवटी शिंप्याचा पोरगा!"

इकडे अधिकारीसाहेब विचारत होते, "सूट कशाच्या आधारावर मागता?"

"मापाच्या!" दारातून आवाज आला. हातात सूट घेऊन बाबा हजर! "बघा तरी घालून!"

शेजारी बसलेल्या मालकांनी डोळेच मिटून घेतले. मॅनेजर बाबांकडे धावला.

"बाबा, पिशवीतले कागद कुठेत?"

"बाह्यांत!"

मग काय विचारता! एका बाहीतून पावत्या निघाल्या, दुसरीतून नकाशा, खांद्यातून परवाना. मॅनेजर एकेक कागद मांडीवर सरळ करत गेला. साहेबांनी काहीही विचारावं, हा कागदाकडे न बघता उत्तर देतोय! बाबांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं.

"सूट मंजूर," साहेब म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या कॉलरवरून बोट फिरवलं. "शिवण सुरेख आहे हो!"

"मग तुम्हालाही शिवतो की! शिलाईत निम्मी सूट!"

"बाबा!" मॅनेजर किंचाळला. "साहेबांना सूट द्यायची नसते!"

"खरंय," साहेब हसले. "आम्ही सूट फक्त देतो, घेत नाही."

बाहेर आल्यावर मालकांनी मॅनेजरची पाठ थोपटली. बाबा मात्र घर येईपर्यंत भेटेल त्याला सांगत होते, "आमचा मुलगा टॅक्स मॅनेजर आहे बरं का! हुशार आहे. फक्त बापाचं गिऱ्हाईक टिकू देत नाही!"