हळू न म्हणायची गाणी

रेवा, ईशान, परवा मी गोदाक्कांच्या घरून व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, मागे कोण ओरडतंय?" त्या गोंगाटात काही सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

गोदाक्का आमच्या तळमजल्यावर राहतात. मूळच्या चाकणजवळच्या खेड्यातल्या. त्यांना जोडीशिवाय शब्द सहन होत नाही. "एकला शबुद म्हंजी एका पायात चप्पल!" एकदा लिफ्ट अडकली. आम्ही वॉचमनवर चिडलो. गोदाक्का जिन्यात उभ्या राहून पुकारत होत्या, "लिफ्ट बंद, पाय मंद, जिन्याला झालाय आनंद!"

दुपारी पार्किंगमध्ये पोरं जमवून गोदाक्का आपल्या आईकडून आलेली गाणी शिकवायच्या.

चिटुक चिंच, मिटुक मिंच,
डबा वाजला ढणाक ढिंच,
कांदा रडला, मिरची हसली,
गोणीखाली ठमी घुसली!

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मला शब्दाला अर्थ लागतो.

"गोदाक्का, 'मिटुक मिंच' म्हणजे काय हो?"

"कुकरच्या शिट्टीचा काय अर्थ आसतो, बाई? तरी भात शिजतोच न्हवं? आन 'ढणाक'ला पाय आपटा. न्हाईतर गाणं लंगडं व्हतं."

मी आपटला. बरं वाटलं.

पण तिसऱ्या मजल्यावरचा जाधव चाकणच्या कंपनीत रात्रपाळी करतो आणि दुपारी झोपतो. त्यानं तक्रार केली. सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले.

"आक्का, दुपारची गाणी बंद."

"व्हय का? आन तुज्या गाडीचा हॉर्न?"

"अहो, तो माणूस रात्रभर मशीनवर उभा असतो."

मी मधे पडले. "गोदाक्का, हळू म्हणा ना. सगळ्यांचीच सोय."

"हळू न्हाई म्हननार," त्या म्हणाल्या. पुढे यमक आलं नाही.

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. "आमचं मालक कंपनीत प्रेसशॉपला व्हते, पत्रा दाबायच्या मशीनवर. कायम रातपाळी. घर एका खोलीचं. बाळ्याला समदी गाणी कानात म्हनली. 'ढणाक' आलं की मी नुसतं बोट हलवायचे. त्यो हसाय लागला की त्येच्या तोंडावर पदर धरायचे. पोराचं मोठ्यानं हसणं मी कधी ऐकलंच न्हाई. आता मालक गेलं, बाळ्या तिकडं परदेशात. माझ्या घरात दुपारचं झोपाय कुनी न्हाई."

सेक्रेटरी चप्पल चाचपत उभे राहिले.

गोदाक्का पदर खोचून उठल्या. "जाधवच्या झोपेशी माझं वैर न्हाई. पन गाण्याचा आवाज उतरणार न्हाई. चला रं पोरांनो, माझ्या घरात! दार लावा, खिडक्या लावा, आन बोंबला!"

आता तिथे रोज दुपारी पंखा फुल, खिडक्या बंद आणि घामाघूम पोरं. एखादं पोर खदखदून हसलं की गोदाक्का गाणं थांबवतात आणि त्याला पोटभर हसू देतात.

जाधवची झोप शाबूत आहे. गाणीही शाबूत आहेत, आणि ती मोठ्यानंच म्हटली जातात.