धाब्यावरचं खळं

बाहेरचा पाऊस सकाळीच थांबला होता, पण पुंजारामाच्या घरातला थांबायला तयार नव्हता. उत्तरा नक्षत्रातल्या वादळानं पिशोरजवळच्या त्या वस्तीत एकाचंही छप्पर धड ठेवलं नव्हतं. पुंजारामाचं घर धाब्याचं, म्हणजे वर लाकडं, लाकडांवर पाला आणि पाल्यावर हातभर मातीचा थर. ही माती आधी पोटभर पाणी पिते आणि मग फुरसतीनं खाली सोडत बसते. त्याची बायको आवडाबाई घरातली होती नव्हती तेवढी भांडी गळतीखाली मांडून बसली होती. भांडं इकडं ठेवावं तर गळती तिकडं सरके. चूल तिनं सगळ्या कोपऱ्यांत फिरवून पाहिली आणि शेवटी देवांच्या शेजारी मांडली. देवही भिजतच होते.

आवडाबाई भांडखोर असती तर पुंजारामही चार शब्द बोलून मोकळा झाला असता. पण ती भांडत नव्हती, हीच तर पंचाईत होती. भाकरीवर पडलेला चिखलाचा थेंब तिनं बोटानं निपटून टाकला आणि शांतपणे म्हणाली, "बाजारच्या दिवशी आप्पासाहेब येतोय मला न्यायला. तवर जर हे गळायचं थांबलं नाय, तर मी जाईन. अन् पाऊस सरल्यावर मी येईनच, असं धरून चालू नका."

आप्पासाहेब तिचा धाकटा भाऊ. दुष्काळात तो शहरात गेला, कारखान्यात चिकटला आणि क्रांती चौकाच्या मागं स्लॅबचं घर बांधून बसला. आवडाबाई एकदा त्या स्लॅबखाली झोपली की तिला पुन्हा धाब्याखाली कोण आणणार, असा धसका पुंजारामानं घेतला. लेकी सासरी गेल्या तेव्हा घर सुनं वाटलं होतं. ही गेली तर घर म्हणायला काही उरणारच नव्हतं. हे तिला सांगावं असं त्याला फार वाटलं, पण ओठांवर भलतंच आलं. तो म्हणाला, "बघतो काय तजवीज व्हती ती."

ते ऐकून आवडाबाईनं कपाळाला हात लावला, कारण पुंजाराम बघतो म्हणाला की घराचं काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

वादळात मोडलेली लिंबाची एक फांदी धाब्यात रुतून बसली होती. तिला हात लावू नका, तिनंच भोक बुजवलंय, असं शेजारच्या सांडूनं बजावलं होतं. पुंजारामानं ती उपसली. मग त्या भोकात आवडाबाईची गोधडी कोंबली. गोधडीनं पाणी काही अडवलं नाही, आपला रंग तेवढा सोडला, आणि थेंब लाल पडू लागले. मग कन्नडच्या रस्त्याचं काम चाललं होतं तिथं जाऊन, मुकादमाच्या हातापाया पडून, त्यानं डबाभर डांबर आणून ओतलं. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि डांबर पाण्याच्याच वाटेनं खाली उतरलं. ते नेमकं उतरलं आवडाबाईच्या ठेवणीतल्या लुगड्यावर. माहेरी जाताना नेसायचं म्हणून तिनं ते दोरीवर काढून ठेवलं होतं. तिनं डाग आत दुमडला, लुगडं ट्रंकेत ठेवलं आणि कडी लावली. ती कडी लागलेली ऐकली आणि पुंजाराम पुन्हा धाब्यावर चढला.

मग त्यानं खताच्या रिकाम्या गोण्या फाडून धाब्यावर अंथरल्या आणि त्या उडू नयेत म्हणून वर धोंडे ठेवले. धोंड्यांच्या ओझ्यानं मधली तुळई वाकली. धाबं परातीसारखं खोलगट झालं आणि वरचं पाणी तिथं तळं करून राहू लागलं.

"आता पांढरी माती टाका अन् चोपून काढा," सांडू म्हणाला. "बापजाद्यांनी तेच केलं. तुमी कामून नवं काढता?"

सल्ला खरा होता. पुंजारामानं गोण्या नि धोंडे काढले, गावठाणातून पांढरी माती आणली, धाब्यावर पसरली, पाणी मारलं. पण चोपायची तर लाकडी चोपणी हवी, आणि वादळानंतर वस्तीतली एकूण एक चोपणी कुणाच्या ना कुणाच्या धाब्यावर होती. बाजारचा दिवस तर उजाडलेला. पुंजाराम धाब्यावर उकिडवा बसून ओल्या मातीकडं बघत राहिला, आणि बघता बघता त्याला खळं आठवलं. खळं करताना माती भिजवतात नि वर बैल फिरवतात. बैलांच्या खुरांनी अशी काही माती बसते की दाणा आत रुतत नाही. मग धाबं म्हणजे तरी काय, उंचावरचं खळंच. बैल जड होतील खरे, पण मेंढ्यांना कितीसं वजन असतं?

बिरू धनगराचा कळप खतासाठी पुंजारामाच्याच वावरात बसवलेला होता. बिरूनं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. मेंढी वर चढेल, पण ती जिथं एक तिथं सगळ्या, एवढं ध्यानात ठेवा, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पुंजारामाचं तिकडं लक्षच नव्हतं. घर टेकाडाला टेकून होतं आणि मागच्या बाजूनं धाबं कमरेइतकंच उंच होतं. एडका पुढं झाला, मागून सगळा कळप आणि त्यामागं बिरू नि पुंजाराम वर गेले.

आणि नवल म्हणजे काम झकास चाललं. मेंढ्या गोल फिरत होत्या, खुरांखाली माती बसत होती, बिरू हलक्या आवाजात हाकत होता. खाली घरात थेंब थांबले. आवडाबाईनं दारातून वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. पुंजारामाला वाटलं, जिंकलो आपण.

तेवढ्यात वाटेवरून आप्पासाहेब आला. दारापाशी पोचतो तोच भुरभुर सुरू झाली, म्हणून त्यानं आपली नवी काळी छत्री फट्‌दिशी उघडली. मेंढ्यांनी जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. सगळ्या एकदम बिचकल्या आणि मधल्या खोलगटात एकमेकींच्या पोटात शिरल्या. तुळई आधी कण्हली, मग मोडली, आणि एडका मातीसकट थेट घरात उतरला. आवडाबाई दारात होती म्हणून वाचली. एडका ट्रंकेवर पडला, धडपडत उठला आणि तिच्या शेजारून बाहेर निघून गेला. बिरूनं बाकीचा कळप कसाबसा मागं वळवला.

पुंजाराम भोकाच्या काठावर मटकन बसला. त्याला खाली यायची लाज वाटत होती, आणि वर बसायची भीती. अखेर भुरभुरीचा धो धो पाऊस झाला तेव्हा तो खाली आला आणि भिंतीला टेकून, मान खाली घालून उभा राहिला. आप्पासाहेबानं ट्रंक उचलली.

"थांब जरा," आवडाबाई म्हणाली.

ती वर बघत होती. धाबं आता चौफेर भोकाकडं उतरतं झालं होतं, त्यामुळं सगळं पाणी तिथूनच एका धारेनं खाली येत होतं. बाकी कुठं टिपूस नव्हता. चूल कोरडी होती. देव कोरडे होते. तिनं धारेखाली घंगाळ सरकवलं, पसरलेली भांडी उचलून फळीवर मांडली आणि कितीतरी दिवसांनी पाय पसरून बसली.

"चल आक्का," आप्पासाहेब म्हणाला. "यष्टी चुकंल."

"मी नाय येत," ती म्हणाली. "माझं आता बरं चाललंय. एक घंगाळ तेवढं उपसायचं. तू ह्यायला घेऊन जा."

"दाजींना?"

"व्हय. पाऊस सरंस्तोवर ठेव तिकडं. घर माझं मी सांभाळीन, फक्त ह्यायचे इलाज नगंत."

आवडाबाईनंच ट्रंकेतलं लुगडं काढून पुंजारामाचे दोन सदरे नि धोतर आत भरलं. वर चार भाकरी बांधून दिल्या. त्यानं कधी यायचं ते विचारलं, तेव्हा तिनं सांगावा धाडीन म्हणून सांगितलं. तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले, पण तो चुलीचा धूरही असू शकत होता. पुंजारामाला मात्र हुंदका आवरेना.

कन्नड सुटलं आणि पावसानं पुन्हा जोर धरला. यष्टीचं छत गळू लागलं, आणि गळती बरोबर पुंजारामाच्या डोक्यावर. माणसं सरकून बसली. आप्पासाहेबानं त्याला इकडं ओढायला पाहिलं, पण जागाच नव्हती. मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "पावनं, हातात एवढा गमचा हाय, कोंबा की त्या फटीत."

पुंजारामानं वर फटीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"नगं, आजी," तो म्हणाला. "आपुन केलं की वाढतं."