रजनीचा जबडा

केतकी पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला भोपाळला निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, छाती फुगवून सांगितलं, "रजनीचे दात मी घासेन. त्यात काय एवढं?"

रजनी केतकीची धाकटी बहीण. वय अठ्ठावीस, समज जन्मापासून आपल्या संथ गतीने चालणारी आणि जबडा तिजोरीसारखा. हिरड्यांतून रक्त येत होतं. पंधरा दिवसांत सुधारणा नसेल तर बेशुद्ध करून दाढ काढू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अन् रजनी सुईच्या नुसत्या नावानेच पलंगाखाली शिरायची.

पहिल्या दिवशी शैलेंद्रने समोरून झडप घातली. ब्रश स्वतःच्याच नाकात गेला. दुसऱ्या दिवशी तिने बोट चावलं. (डाव्या हाताचं होतं, हीच काय ती मेहेरबानी.) तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा तुषार सहज डोकावला आणि दोन मिनिटांत रजनी आ वासून बसली!

शैलेंद्रचा जळफळाट झाला. नऊ वर्षं तिला गराडूचे तळलेले काप खिलवतोय तो, आणि तोंड उघडतं या परक्यापुढे? नक्की त्याच्या भैरवगढी छाप्याच्या कुर्त्याची करामत! चौथ्या दिवशी नानाखेड्याहून ऑटो करून शैलेंद्रने तस्साच कुर्ता आणला.

"छान आहे," रजनी म्हणाली आणि ओठ मिटले.

शेवटी तो दात-ओठ खात खाली उतरला. "काय जादू करतोस रे?"

"जादू कसली, भैया? मी आधी विचारतो, ‘करू का?’ ती हो म्हणेपर्यंत हात लावत नाही. आधी माझे दात तिला घासू देतो, मग आरशासमोर तिच्या मागे उभा राहून तिचे. तुम्ही कधी विचारलंत?"

शैलेंद्रने आठवून पाहिलं. नऊ वर्षांत तिला त्याने काय काय विचारलं होतं? काहीच नाही.

संध्याकाळी तो आरशासमोर स्टुलावर बसला. "रजनी, करू का?"

तिने हात पुढे केला. "आधी मी." त्याचा ब्रश घेऊन तिने त्याचे दात असे रगडले की डोळ्यांत पाणी आलं. मग स्वतः बसली आणि तोंड उघडलं. त्या दिवसापासून तुषार वर आला की शैलेंद्र दारातूनच सांगायचा, "आमचं झालं हं!"

तपासणीला केतकीही आली. डॉक्टरांनी टॉर्च विझवला. "वा! दाढ काढायची गरज नाही. दात कोण घासतं?"

शैलेंद्रने कॉलर सारखी केली.

"जिजाजींचे ना? मी घासते," रजनी म्हणाली. "पण नीट तोंडच उघडत नाहीत."