साखळीतले शुद्धिपत्र

फाइल पाठवून मुद्रितशोधकांनी पडद्याकडे पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. घरी बायकोला गंमत म्हणून पाठवायची फाइल प्रकाशनगृहातल्या अकराही संगणकांवर गेली होती. तिचे नाव होते 'मालकांच्या आत्मचरित्रातील थापा'. आणि मुख्य मुद्रितशोधक कोणाला नेमायचे, हे मालक त्याच दिवशी चार वाजता ठरवणार होते.

हस्तलिखितांची चोरी थांबावी म्हणून ज्या संगणकतज्ज्ञ बाईंनी नवी व्यवस्था बसवली होती, त्यांच्याकडे ते धावले.

"काका, घाबरताय कशाला? मजकूर कुलूपबंद आहे. किल्ली तुमच्याकडे. कुणाच्या बापाला उघडणार नाही."

"आणि नाव?"

"नाव दिसणार. कोणी, कधी, काय पाठवलं, सगळं ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे नोंदींच्या साखळीत जातं."

"मग पुसा ना ते!"

"तेच तर जमत नाही! प्रत्येक नोंद मागचीला बांधलेली, आणि अख्खी साखळी अकरा जणांकडे. खोडता येऊ नये म्हणूनच केलंय हो!" त्यांच्या स्वरात सार्थ अभिमान होता.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. परंतु तीस वर्षे चुकीमागून शुद्धिपत्र काढणाऱ्या माणसाला तसे बसवेना. त्यांनी नवी फाइल पाठवली : 'शुद्धिपत्र : थापा या शब्दाऐवजी बारकावे असे वाचावे.' तीही साखळीत जाऊन बसली. ज्यांनी पहिली नोंद पाहिलीच नव्हती, ते आता ती शोधू लागले.

मांडणीकार दारातून डोकावला. "काका, किती बारकावे मारलेत हो मालकांनी?"

म्हणून तिसरी नोंद : 'वरील दोन्ही नोंदी रद्द समजाव्यात.' मग सारे कार्यालय वरच्या नोंदी चाळू लागले.

साडेतीनलाच मालकांचे बोलावणे आले. मालकांच्या कपाळावर घाम होता.

"साखळी पाहिलीत तुम्ही?"

"साहेब, ते नाव जे आहे ना, ते..."

"कुठपासून पाहिलीत ते सांगा!"

"माझ्या तीन नोंदी, तेवढ्याच."

"त्याच्या वर नाही गेलात?"

"नाही, साहेब."

मालकांनी दीर्घ श्वास सोडला. "छान. मुख्य तुम्हीच, आजपासून. वर बघत बसू नका."

मुद्रितशोधक बाहेर आले, तर अकराही पडद्यांवर मालकांची सकाळची नोंद उघडी होती : 'माझे आत्मचरित्र, मेहुण्याने लिहिलेले, अंतिम'.

"काका," मांडणीकार खणखणीत आवाजात म्हणाला, "मग थापा मेहुण्याच्या की! मालकांना उगाच कशाला बोल लावलात?"

मालकांच्या खोलीचे दार लोटायचे राहूनच गेले होते.