इंदूताईंची रात्र

खालच्या बंगाल्यांकडे तिन्हीसांजेचा शंख वाजला की शेजारच्या इंदूताई दात घासत गॅलरीत येत. मी देवापाशी दिवा लावत असे आणि ही बाई तोंडात ब्रश धरून म्हणे, "चला, उजाडलं."

इंदूताई नर्स. लग्न केलेलं नाही, कायमची रात्रपाळी. लढाईत बॉम्बच्या भीतीने सगळ्या कलकत्त्याने खिडक्यांना काळा कागद लावला होता. लढाई संपल्यावर आम्ही तो खरवडून काढला. त्यांनी ठेवला. "सूर्याचं माझ्या खोलीत काय काम?" म्हणत. दुपारी मासेवाला ओरडला की वरून त्यांची चप्पल जाई. संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, तोच ती आणून देई.

मी हसायची. मग माझ्या सुधाला टेलिफोनच्या नोकरीत रात्रपाळी लागली. पोरगी दिवसा उजेडात तळमळत पडे. आणि दोन महिने ती बाजूला बसली नाही. कोण कधी बसते, हे आमच्या जिन्यात सगळ्या बायकांना ठाऊक. त्यात लग्न ठरलेलं, नागपूरचं स्थळ. एकीने विचारलंच, "सुधा हल्ली बसत नाही वाटतं?"

मी घरात येऊन सुधाला विचारलं. सुधा म्हणाली, "आई, तसलं काही नाही." पण मला तिच्या पोटाकडे बघायची भीती वाटे, आणि नजर तिथेच जाई.

शेवटी भर दुपारी इंदूताईंचं दार वाजवलं. चप्पल बसणार असं धरूनच गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, सुधाशी एकटीशी बोलल्या आणि बाहेर आल्या.

"पोरगी खरं बोलतेय. रात्रपाळीच्या कितीतरी मुलींचं असं होतं. अंगाला रात्रच कळली नाही तर महिना कसा कळेल? काळोखात झोपू दे तिला. तरी पाळी नाही आली तर डॉक्टरकडे मी नेते."

"पण लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतात ते मला माहीत आहे. माझं ठरलेलं लग्न त्यातच मोडलं." एवढं बोलून त्यांनी जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी खळ आणि काळा कागद घेऊन आल्या, सुधाची खिडकी बंद करून गेल्या.

काही आठवड्यांनी सुधा दारातूनच म्हणाली, "आई, मला शिवू नकोस." एरवी हे ऐकून माझ्या कपाळाला आठी पडे, कामं अंगावर येत म्हणून. त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

शिरा केला आणि वाटी घेऊन इंदूताईंकडे गेले. दार लोटलेलं होतं. खिडकीच्या काचा उघड्याबोडक्या, ऊन थेट पलंगावर. इंदूताई तोंडावर उघडी छत्री घेऊन झोपल्या होत्या.

मी वाटी झाकून ठेवली. घरातून माझं जाड लुगडं आणून खिडकीला बांधलं.

छत्रीखालून आवाज आला, "कोण? किती वाजले?"

"झोपा," मी म्हटलं. "अजून उजाडायचं आहे."