गच्चीवरची गुंतवणूक

इजिप्तमधल्या तांता शहरातला बिस्किटांचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथलं गोदाम सांभाळणारे लबीबसाहेब सत्तावन्न वर्षांचे होते आणि अजिबात घाबरलेले नव्हते. निदान घरी आल्या आल्या बायकोला त्यांनी तसं सांगितलं. हातात आलेल्या फंडाचं काय करायचं ते आपण चालत येतानाच ठरवून टाकलंय, आता म्हातारपण राजासारखं जाणार, असंही वर ऐकवलं.

इन्शिराहबाईंनी चहा पुढे ठेवला आणि सगळे पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकावेत, असं सुचवलं. लबीबसाहेब नुसते हसले. आपली गिनी डॉलरपुढे रोज घसरतेय, आज ठेवलेले पैसे पाच वर्षांनी भाजीलाही पुरायचे नाहीत, हे त्यांनी तिला चहा निवेपर्यंत समजावलं. मेहुणा डॉलर घ्या म्हणत होता, जावई सोनं घ्या म्हणत होता. पण बाजारात एकच वस्तू अशी होती, जिचा भाव उतरलेला साहेबांनी कधी पाहिला नव्हता.

"मांस," ते म्हणाले. "आणि ते वाढतं. बँकेतली नोट कधी वजनाने वाढलेली पाहिलीस?"

शेवटी तडजोड झाली. अर्धे पैसे इन्शिराहबाईंनी स्वतः बँकेत नेऊन टाकले. उरलेल्यांतून एक रेडकू आलं आणि बाकीचे त्याच्या खाण्यापिण्याला राखून ठेवले. काळंभोर, ओल्या नाकाचं ते रेडकू साहेबांनी नातवासारखं छातीशी धरून पाच मजले चढवलं. वाटेत भेटेल त्याला महागाई म्हणजे काय ते सांगितलं. म्हणजे दम खायला थांबावं लागत होतं, तेवढ्यात सांगितलं.

पुढचे महिने बरे गेले. रेडकू खायला लागलं. खूप खायला लागलं. मका परदेशातून यायचा, त्यामुळे डॉलर वर गेला की मका वर जायचा आणि मका वर गेला की साहेबांचा रक्तदाब. डॉलर घ्यायचे नाहीत असा निश्चय केलेला माणूस आता रोज दोन वेळा डॉलरच चारत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या तहियाबाई वासाबद्दल जिन्यात भांडायच्या, पण कलिंगडाच्या साली मात्र न चुकता दाराशी ठेवून जायच्या.

तरी एक गोष्ट खरी होती. कारखान्यातले बाकीचे दोस्त कॉफीच्या दुकानात सोंगट्या मांडून दिवस ढकलत होते आणि साहेबांना मात्र पहाटे उठून कुठेतरी पोहोचायचं होतं. ते कुठेतरी म्हणजे आपलीच गच्ची होती, हा भाग वेगळा. इन्शिराहबाईंच्या ते लक्षात आलं होतं. म्हणून त्या मक्याचा हिशेब विचारत नव्हत्या.

बकरी ईद जवळ आली तसा शहाता खाटीक माल बघायला गच्चीवर आला. रेडकाचा आता चांगला टोणगा झाला होता. शहाताने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खूश झाला, भाव सांगितला. लबीबसाहेबांनी बायकोकडे बघून भुवई उडवली. मग शहाता जिन्याशी गेला, वाकून खाली पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"साहेब, हा उतरणार कसा?"

या प्रश्नाचा विचार साहेबांनी केला नव्हता. त्यांनी टोणग्याला जिन्याशी ओढून पाहिलं, मागून ढकलून पाहिलं, पायरीवर मक्याची रास मांडून पाहिली. टोणग्याने मान लांब करून मका खाल्ला आणि चारी पाय रोवून गच्चीवरच उभा राहिला. इथेच कापू म्हटलं तर अख्खी इमारत अंगावर आली. मग शहाताने गोड आवाजात सांगितलं की अर्ध्या किमतीत मी काहीतरी बघतो.

अर्ध्या किमतीत म्हणजे फंडाला भलंमोठं भगदाड. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. इन्शिराहबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं, हे त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वगीह क्रेनवाल्याला गाठलं. सिमेंट महागल्यापासून बांधकामं थांबली होती आणि वगीहची क्रेन गंजत पडली होती. त्याने आतापर्यंत विटा, सळया, एकदा पियानोसुद्धा उचलला होता. टोणगा नव्हता उचलला. पण काम ते काम, तो म्हणाला.

सारी गल्ली जमली. साहेबांनी गोदामातल्यासारखी हुकमत चालवली, हातगाड्या हटवल्या, गाद्या अंथरल्या, टोणग्याच्या पोटाखालचे पट्टे स्वतः बांधले. टोणगा हवेत गेला आणि एखाद्या मंत्र्यासारखा गंभीर चेहरा करून खाली बघू लागला. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि शहाता ओरडला, थांबवा. एवढ्या हालात जनावराचं वजन घटतं, मी पहिल्यांदा सांगितला तो भाव देणार नाही, म्हणाला.

वगीहने क्रेन थांबवली. टोणगा तहियाबाईंच्या गॅलरीसमोर लोंबकळत राहिला. बाईंनी आधी किंचाळून घेतलं, मग त्याच्या तोंडात पाव घातला आणि कठड्यावरून वाकून खाली म्हणाल्या, "याला वर्षभर माझ्या घरच्या साली घातल्यात. शहाताला परवडत नसेल तर दुसरं कोण घेतंय?"

मजा बघायला शहरातले आणखी चार खाटीक आले होते. एकाने हात वर केला. दुसऱ्याने त्याच्यावर बोली लावली. शहाता चिडला आणि त्याने दोघांच्या वर लावली. टोणगा पाव चघळत हळूहळू गोल फिरत होता, त्यामुळे प्रत्येकाला माल चारी बाजूंनी नीट दिसत होता. शेवटी शहातानेच तो घेतला, पहिल्या भावाहून चढ्या दराने, दात खात.

मक्याचा आणि क्रेनचा खर्च वजा जाता साहेबांचे पैसे जेवढ्यास तेवढे परत आले. बँकेतल्या अर्ध्यांनी मात्र तेवढ्यात गुपचूप व्याज मिळवलं होतं. इन्शिराहबाईंनी त्यातून आणलेला ईदचा नवा पडदा तेवढा लावला.

पण त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतून बोलावणं आलं. तिथेही एका गच्चीवर दोन टोणगे होते आणि मालक हवालदिल झाला होता. मग तिसरं घर, मग चौथं. तांत्यात महागाईचा विचार केलेली माणसं बरीच निघाली. वगीहने साहेबांना भागीदार केलं. पट्टे बांधायचं, गल्ली मोकळी करायचं आणि मालकांना धीर द्यायचं काम त्यांचं.

पहिली कमाई खिशात घालून साहेब शीळ घालत घरी आले. आता छोटी सेकंडहँड क्रेन घ्यावी, लोखंडाचा भाव कधी उतरत नाही, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात शिजत होतं. दारात इन्शिराहबाई बाहेर जायचे कपडे करून, पायात चपला घालून उभ्या होत्या.

"आणा इकडे," त्यांनी हात पुढे केला. "बँक बंद व्हायच्या आत जाऊन येते."